चिचगडचा केशरी मध

मधमाशी चावत नाही, ती डंख मारते. हा फरक मी गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूरच्या गल्लीला समजावून सांगत होतो तेव्हा माझा उजवा डोळा पूर्ण बंद होता, डावा बंद व्हायच्या बेतात होता आणि वरचा ओठ इतका सुजला होता की 'डंख' हा शब्दच मला उच्चारता येत नव्हता. लोकांना विज्ञानाची आवड नसते, तमाशाची असते. समोरच्या किराणा दुकानातल्या मुन्नालालने तर गिऱ्हाइकं तशीच उभी सोडली आणि माझं तोंड बघायला रस्ता ओलांडून आला. चारी बाजूंनी पाहून झाल्यावर म्हणाला, "चिंता मत करो भाईसाब, पहचान में तो आ रहे हो." आता ज्याला हे मुद्दाम सांगावं लागतं, त्याने चिंता करायची नाही तर काय करायचं?

ही सूज मी हौसेने ओढवून घेतली नव्हती, हे आधी स्पष्ट करतो. ती लोककल्याणासाठी होती.

माझी बायको रेणू चिचगडची. चिचगड म्हणजे देवरी तालुक्यातलं, पार डोंगरजंगलात शिरलेलं गाव. तिथे तिची लहानपणची मैत्रीण फुलवंता मडावी बायकांचा बचत गट चालवते. चालवते म्हणजे हाकते. तिचा नवरा गोपीचंद हा झाडावरचं मोहोळ उतरवणारा माणूस. उंच येनाच्या झाडाला आग्या माशांची सुपाएवढी पोळी लागतात, तिथे कमरेला दोर बांधून, हातात धुराचा टेंभा घेऊन चढायचं, हे त्याच्या बापाने केलं, आजाने केलं, आणि त्यानेही केलं. मागच्या उन्हाळ्यात तो वरून पडला. जीव वाचला, पण एक पाय चालताना मागे राहू लागला. आणि हा गृहस्थ दवाखान्यात शुद्धीवर आल्याबरोबर काय विचारतो, तर पोळं हाती लागलं का. फुलवंताने त्याच दिवशी ठरवलं की यापुढे आपल्या घरात सहद, म्हणजे मध, येईल तो जमिनीवरून. पेट्यांमध्ये माशा पाळायच्या, गटातल्या सगळ्या बायांनी मिळून पाळायच्या, आणि पुढचा उन्हाळा लागायच्या आत गोपीचंदला दाखवून द्यायचं की चढायची गरज उरली नाही. नाहीतर तो लंगडत का होईना, चढणार होता.

हे सगळं तिने रेणूला सांगितलं, रेणूने मला सांगितलं, आणि मी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस असल्याने लगेच खुर्ची ओढून बसलो. सरकारी कागद कुठे अडतो, का अडतो आणि कोणत्या चहाच्या टपरीवर सुटतो, हे मला जितकं कळतं तितकं जिल्ह्यात फार कमी लोकांना कळत असेल. मधुमक्षिकापालनाची योजना होतीच. मी अर्ज लिहिला. असा लिहिला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. रेणू म्हणाली, अर्जात फुलवंताचं नाव शेवटी का आहे आणि 'मार्गदर्शक: इंद्रकुमार बिसेन' हे पहिल्याच ओळीत का आहे. बायकांना मसुदालेखनातलं काही कळत नाही.

अर्ज मंजूर झाला आणि पेट्या आल्या. सुरेख, सागवानी रंगाच्या, नंबर घातलेल्या पेट्या. त्यांत माशा नव्हत्या. चौकशी केली तेव्हा कळलं की पेट्या 'साहित्य' या सदरात येतात आणि माशा 'सजीव' या सदरात. सजीवांची फाइल दुसऱ्या टेबलावर असते, आणि त्या टेबलाचे साहेब बाहेरगावी प्रशिक्षणाला गेले होते. कसलं प्रशिक्षण, तर मधमाश्या पाळायचं. मी तीस वर्षं नोकरी केली, पण खात्याबद्दल इतका आदर मला कधी वाटला नव्हता.

सजीव मंजूर होईपर्यंत हात बांधून बसणं माझ्या स्वभावात नाही. मी ओळखीने सातेरी माशांची एक वसाहत मिळवली आणि ती पेटी फुलचूरला आमच्या गच्चीवर ठेवली. हेतू असा की आधी आपण शिकावं आणि मग बायांना शिकवावं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी पुरेसा अभ्यास केला. पहिल्यांदा पेटी उघडायची म्हणजे एक प्रकारचं उद्घाटनच, म्हणून आंघोळ करून, डोक्याला चमेलीचं तेल थापून, अंगाला अत्तर लावून, वरून मच्छरदाणी गुंडाळून गेलो. मधमाशीला उग्र वास सहन होत नाही हे त्या व्हिडिओत होतं, पण शेवटी होतं, आणि मी शेवटपर्यंत बघितला नव्हता. गच्चीवरून खाली मी जिन्याने आलो की कसा आलो हे मला आठवत नाही. रेणूने सुजेवर चुना लावता लावता एवढंच म्हटलं, "लग्नात नव्हतं लावलं एवढं तेल." तिचा स्वभाव असा आहे.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणूस आजारी पडला की गल्लीतला प्रत्येक जण डॉक्टर होतो, आणि सुजला की प्रत्येक जण वैद्य. मुन्नालाल म्हणाला, लोखंड घासा. कोणी म्हणालं, कांदा. कोणी म्हणालं, ज्या माशीने डंख मारला तीच पकडून आणा, म्हणजे विष उतरतं. ती नेमकी कोणती हे मात्र त्याने सांगितलं नाही. शेजारच्या निर्मलाबाईंनी सल्ला दिला नाही, तक्रार दिली. माशा त्यांच्या तुळशीवर येतात, वाळत घातलेल्या लुगड्यावर बसतात, नातवाच्या दुधाच्या बाटलीकडे वाईट नजरेने बघतात. नगर परिषदेत जाईन म्हणाल्या. जाताना दारातून वळून हळूच विचारलं, पहिली बाटली निघाली की आम्हालाच द्याल ना. मी त्यांना स्वाभिमानाने 'बघू' म्हणालो. ओठामुळे ते 'भगू' असं निघालं.

शेवटी पेटी चिचगडला हलवायचं ठरलं. संध्याकाळी माशा आत गेल्यावर पेटीचं तोंड जाळीने बंद केलं, ओल्या पोत्यात गुंडाळली आणि सकाळच्या एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने विचारलं, यात काय आहे. मी खोटं बोलत नाही. त्याने पुढचा सगळा रस्ता माझ्यापासून गाडीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून तिकिटं फाडली, आणि देवरीपर्यंत माझ्या आजूबाजूच्या तिन्ही सीट रिकाम्या राहिल्या. इतक्या ऐसपैस जागेत मी एसटीने याआधी कधी प्रवास केला नव्हता.

चिचगडला मात्र माझं स्वागत वेगळंच असतं. तिथे मी कोणी निवृत्त हेडक्लार्क नाही, तिथे मी गावचा जावई. मी बसलो की पाट येतो, उठलो की चप्पल सरळ होते, आणि बोललो की सगळे 'हाव जी' म्हणतात. घरी जे मला महिनोन्महिने ऐकायला मिळत नाही, ते चिचगडला गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मिळतं. म्हणून मला ते गाव आवडतं, यात लपवण्यासारखं काही नाही.

एव्हाना सजीवही मंजूर होऊन आले होते. आता पेट्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न होता. फुलवंताने मान राखून मलाच विचारलं, "जवाईबापू, जागा तुमीच सांगा जी. तुमी साहेब लोकायत राहिले." मी गावाला एक चक्कर मारली. जंगलाच्या कडेला बोडीजवळ, म्हणजे छोट्या तळ्याजवळ, जागा होती, सावली होती, पाणी होतं. पण मी अनुभवी माणूस. मी त्यांना सांगितलं की सरकारी योजना झाडामागे ठेवायची नसते. साहेबांना गाडीतून खाली न उतरता ज्या दिसतात, त्याच पेट्या खऱ्या. तेव्हा पेट्या ठेवायच्या त्या सडकेला लागून, बाजाराच्या मैदानाच्या कडेला. मी हे बोललो. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. गोपीचंदने बसल्या जागी खाकरून घसा साफ केला आणि फुलवंताने त्याच्याकडे असं पाहिलं की तो घसा त्याने तसाच ठेवला. मग सगळ्या एकदम म्हणाल्या, हाव जी, बरोबर हाय. माझ्या शब्दाला असलेलं वजन पाहून मला भरून आलं.

दिवाळी झाली आणि मंडई आली. बाहेरच्या माणसाला मंडई सांगणं कठीण. यात्रा नाही, बाजार नाही, सण तर कॅलेंडरात नाही. पण त्या दिवशी गावात ज्याच्या घरी पाहुणा नाही तो माणूस दुःखी. लेकी येतात, जावई येतात, दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ उभा राहतो, ढोलकी वाजते, आणि मैदानात मिठाईवाल्यांच्या कढया लागतात. त्यांत छोटेलाल ही मोठी असामी. दर आठवडी बाजाराला तो येतोच, पण मंडईला त्याच्या जिलेबीची परात पाहण्यासारखी असते. मी गावचा जावई असल्यामुळे प्रत्येक घरी जेवावं लागलं आणि प्रत्येक घरी जिलेबी वाढली गेली. छोटेलाल दिवसभर फडका हलवत ओरडत होता, माशांनी हैराण केलं म्हणून. मिठाईवर माशा बसायच्याच, म्हणून कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पुढच्या प्रत्येक बाजारालाही तो असाच ओरडला, आणि तेव्हाही कोणी लक्ष दिलं नाही.

मग मध काढायचा दिवस आला. पोळ्याच्या चौकटी यंत्रात घातल्या, फुलवंताने हँडल फिरवलं आणि तोटीतून मध खाली आला. केशरी. पिवळा नाही, तांबूस नाही, लग्नपत्रिकेसारखा केशरी. बाया बघतच राहिल्या. त्यांनी आजवर काळपट मध पाहिला होता, सोनेरी पाहिला होता, हा रंग कोणीच पाहिला नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मार्गदर्शक होतो, गप्प राहणं शोभलं नसतं. मी म्हणालो, हा झेंडूचा मध आहे, दिवाळीत झेंडू फार असतो, आणि असा मध देशात फार थोड्या ठिकाणी निघतो. सगळ्या म्हणाल्या, हाव जी. गोपीचंदने बोट बुडवून चाखलं, बराच वेळ जिभेवर घोळवलं आणि बाहेर निघून गेला. मला वाटलं, माणूस हरखला.

मी स्वतः फुलवंताला घेऊन गोंदियाला योजनेच्या ऑफिसात गेलो. तिथले भूपेंद्र साहेब तरुण होते, चष्मेवाले, आणि सजीवांच्या प्रशिक्षणाला गेलेले ते हेच. त्यांच्या खोलीत बाकीच्या गटांच्याही बाया बसल्या होत्या. मी बाटली टेबलावर ठेवून झेंडूपासून सुरुवात केली. साहेबांनी बाटली उजेडात धरली, झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बिसेनजी, जिलेबी चांगली झाली आहे."

खोलीत हशा पिकला. आणि त्या हशातच मला छोटेलालचा हलणारा फडका दिसला. फुलवंताच्याही ध्यानात तेव्हाच आलं, कारण तिने माझ्याकडे झटकन पाहिलं. मी साहेबांना सांगू लागलो की बाजार आहे, कढई आहे, माशा तिकडे जातात, पाक आणतात. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की पाक टाकणारा प्रत्येक माणूस काहीतरी गोष्ट सांगतो, मागच्याने सांगितलं होतं की त्याच्या माशा ऊस खातात. भेसळ म्हणजे भेसळ. पेट्या परत घेऊन नवेगाव बांधच्या गटाला द्याव्या लागतील, येत्या बाजाराच्या दिवशी मी गाडी घेऊन येतो, असं साहेब म्हणाले.

फुलवंता माझ्या शेजारीच बसली होती. ती उठली, बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "साहेब, आमच्या घरी चाहाले साखर नाई राहत. सहदात कोठून टाकू?" आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, आणि म्हणूनच खोलीतलं हसणं थांबलं.

परतीच्या गाडीत मी वाट बघत होतो की आता ही मला बोलेल. जागा मी ठरवली होती, झेंडू मी काढला होता. मी मनातल्या मनात उत्तरंही तयार ठेवली होती, त्यातली काही चांगली होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी न राहवून मीच म्हणालो, बोला ना काही. तर म्हणाली, "तुमाले का बोलू? तुमी जवाई." थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "पेट्या गेल्या त तो चढते. मी का त्याले बांधून ठेवू?" मधमाशीचे डंख मी विसरलो होतो, पण हे मात्र लागलं. इतकं वाईट मला निवृत्तीच्या समारंभातसुद्धा वाटलं नव्हतं, आणि तिथे माझं नाव चुकीचं वाचलं होतं.

घरी येऊन रेणूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, गावातल्या लेकराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की मैदानात पेट्या ठेवू नका. मग कोणी मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ती माझ्याकडे दया आल्यासारखी बघत म्हणाली, जावयाला कोण सांगतं. मी कागद घेतला आणि निवेदन लिहायला बसलो.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघंही चिचगडला गेलो. मी एक निवेदन लिहून नेलं होतं, सहा मुद्द्यांचं, प्रत सगळ्यांना रवाना. ऐन दुपारी साहेबांची गाडी आली. मागून पेट्या न्यायला छोटा टेम्पो. गटातल्या बाया पेट्यांसमोर ओळीने उभ्या होत्या. गोपीचंद बाजूला काठी टेकून उभा होता आणि त्याची नजर मैदानापलीकडच्या उंच झाडांवर होती. ते फुलवंताने पाहिलं, मीही पाहिलं. मी निवेदन उघडून पहिला मुद्दा वाचायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, कागद द्या, मी वाचीन. म्हणजे वाचणार नाहीत, हे मला या धंद्यातला माणूस म्हणून लगेच कळलं. टेम्पोवाल्याने पहिल्या पेटीला हात घातला.

त्याच वेळी मैदानाच्या मध्यातून छोटेलालचा आवाज आला. त्याची परात माशांनी भरून गेली होती आणि त्याचा फडका कधीच हरला होता. "बरबाद कर दिया रे," असं ओरडत त्याने डब्यात हात घालून मूठभर मैदा उचलला आणि परातीवर मारला. मग दुसरी मूठ, तिसरी मूठ. जिलेबी पांढरी झाली, छोटेलाल पांढरा झाला, आणि माशांचा घोळका उठून हवेत पांगला.

आम्ही सगळे तिकडे बघत असताना फुलवंता मात्र पेट्यांकडे बघत होती. तिने टेम्पोवाल्याचा हात धरला. "थांब गा. साहेब, इकडे या जी. इकडे पाहा."

पेटीच्या दारात एक पांढरी माशी येऊन उतरली. अंगभर मैदा, पंख पांढरे, मिशाही पांढऱ्या. ती जरा धडपडली आणि आत शिरली. तिच्या मागून दुसरी आली. मग चार-पाच एकदम. दुसऱ्या पेटीवरही पांढऱ्या, तिसऱ्या पेटीवरही. पहारेकरी माशा त्यांना हुंगून आत सोडत होत्या. भूपेंद्र साहेब गुडघ्यांवर बसले, चष्मा पुसला आणि नाक पेटीला लागेपर्यंत वाकून बघत राहिले. मी सहाही मुद्दे विसरलो.

पण साहेब सरकारी होते, एका पुराव्यावर हलणारे नव्हते. ते उठून छोटेलालकडे गेले आणि म्हणाले, पुन्हा टाका. छोटेलालला वाटलं, हे मिठाई तपासणारे साहेब आहेत. त्याने हात जोडून सांगितलं की मैदा चुकून पडला. साहेब म्हणाले, चुकून नको, मुद्दाम टाका, आणि या खेपेला हळद टाका. मसाल्याच्या दुकानातून हळद आली. छोटेलालने आपल्याच जिलेबीवर हळद उधळली. अख्खा बाजार सौदा सोडून पेट्यांभोवती गोळा झाला. काही वेळाने पेटीच्या दारात पिवळ्याधमक माशा उतरू लागल्या, नवरीची हळद झाल्यासारख्या, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेणू माझ्या शेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हळदीचं नव्हतं.

साहेबांनी तिथेच शेरा लिहिला. मी तो वाचला आहे. 'सदर भेसळ गटाने केलेली नसून मधमाश्यांनी परस्पर केल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले.' असं भाषासौंदर्य हल्ली पाहायला मिळत नाही. मग खुशीत येऊन ते म्हणाले की पेट्या राहू द्या, आणि हा काढलेला मध आहे तोही स्वस्तात विकून टाका, लोकांना रंग आवडेल.

फुलवंता म्हणाली, नाही. हा सहद नाही, ही चाशनी आहे, आणि आमच्या गटाच्या नावाने चाशनी विकली जाणार नाही. ती घरात गेली, तो केशरी मध भरलेला डबा घेऊन आली आणि भर बाजारात छोटेलालच्या ओट्यावर ठेवला. "घ्या भाऊ, तुमचं हाय." छोटेलाल कधी डब्याकडे बघे, कधी तिच्याकडे. आयुष्यात त्याची चाशनी कोणी परत आणून दिली नव्हती. मी त्या बाईकडे बघत राहिलो, आणि ही आपल्या सासुरवाडीची आहे या गोष्टीचा मला जो अभिमान वाटला, तो सांगायला लाज कसली.

मग ती माझ्याकडे वळली. पदर खोचला, आणि सगळ्या बाजारासमोर म्हणाली, "जवाईबापू, पेट्या तुमी चुकीच्या जागी ठेवल्या. आमी तवाच बोलाले पायजे होतं, नाई बोललो. आता बोलून राहिली. पेट्या बोडीकडे जातीन." माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण चिचगडमध्ये मला कोणी असं बोललं नव्हतं. कान गरम झाले. उत्तर द्यावं म्हणून तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडून 'हाव जी' निघालं. संध्याकाळी माशा आत आल्यावर पेट्या बोडीजवळ नेल्या. एक टोक मी धरलं होतं. या खेपेला कोणीही, राहू द्या जवाईबापू, म्हणालं नाही.

धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये तिकडे लाखोळी आणि जवस फुलला होता, पुढे मोहरी आली, मग करंज. बाया आळीपाळीने पेट्या बघायच्या, मुंग्या लागू नयेत म्हणून पायांखालच्या वाट्यांत पाणी भरायच्या. मी फोन करून सल्ले देत असे. त्यांतले काही त्या ऐकत, काही फुलवंता तोंडावर नाकारत असे, आणि कारणही सांगत असे. मला आधी राग यायचा, पण कारण बरोबर असायचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी जो मध निघाला तो सोनेरी होता, काचेतून पलीकडचं बोट दिसेल असा. भूपेंद्र साहेबांनी चाखला, डोळे मिटले, आणि दुसऱ्यांदा चाखला.

गोंदियाच्या प्रदर्शनात गटाला स्टॉल मिळाला. फुलवंता पुढे बसली होती, गोपीचंद खुर्चीवर पाय लांब करून बाटल्या कागदात गुंडाळत होता, आणि मी मागे खोकी उघडत होतो. मुन्नालालही आला, बाटली घेतली आणि सगळ्यांना सांगू लागला की हे सगळं त्याच्यासमोर सुरू झालं. दुपारी एक चांगल्या घरातली बाई आली. तिने बाटली हातात घेतली आणि विचारलं, "ये पेटी का है क्या? हमको वो जंगलवाला चाहिए, झाड़ पे चढ़ के निकालते हैं वो. वही असली रहता है."

मी लगेच पुढे झालो. मला दोन्हींतला फरक शास्त्रशुद्ध सांगायचा होता. फुलवंताने हाताने मला मागे सारलं आणि त्या बाईला म्हणाली, "झाडावरचा नाई भेटन, बाई. झाडावर चढनारा हा माजा मालक, इथं बसून हाय. हा बोडीकाठचा सहद हाय. पायजे त घ्या, नाई त नोको."

बाईने गोपीचंदकडे पाहिलं, त्याच्या लांब केलेल्या पायाकडे पाहिलं. तिचा आवाज उतरला. तिने दोन बाटल्या पुढे केल्या आणि त्यालाच विचारलं, "अब नहीं चढ़ते, भैया?"

गोपीचंदने बाटल्या कागदात गुंडाळल्या, सुतळीची गाठ मारली, तिच्या हातात दिल्या. फुलवंता सुटे शोधायच्या निमित्ताने खाली वाकली होती, पण तिचे हात थांबले होते. इतक्या दिवसांत तिने त्याला हा प्रश्न विचारला नव्हता, हे मला रेणूकडून माहीत होतं.

"आता कायले चढू, बाई," गोपीचंद म्हणाला. "माशाच खाली आल्या."